कॅरिअर घ्यायचंय? आधी त्याची उंची बघा

सायकलचं मागचं कॅरिअर घेताना बहुतेक जण एकच विचारतात: किती किलो झेलतं? मी आधी त्याची उंची विचारते. लॅपटॉप, जाडजूड कुलूप, रेनकोट आणि कपड्यांचा एक जोड घेऊन रोज ऑफिसला जायचं, तर पंधरा किलो खूप झाले. तेवढं बहुतेक चांगली कॅरिअर सहज पेलतात.

सायकल वेगात असताना ओझं फारसं जाणवत नाही. ते जाणवतं सिग्नलला एक पाय टेकताना, चढावर उभं राहून पेडल मारताना आणि सायकल हाताने वळवून लावताना. वजन जितकं वर, तितकी सायकल जरा कलली की सावरायला जोर लागतो.

‘२६ ते २९ इंच, सगळ्या चाकांना चालेल’ असं लिहिलेलं कॅरिअर मी शक्यतो टाळते. सगळ्यांना बसवायचं म्हणून ते सगळ्यात मोठ्या चाकाच्या मापाने उंच केलेलं असतं. ७००सी रिमचा (२९ इंचीची रिमही हीच) व्यास ६२२ मिमी, जुन्या २६ इंचीचा ५५९. म्हणजे टायर सारखाच असला तरी लहान चाकावर तीन सेंटिमीटर जागा उगाच रिकामी राहते. स्वतःचं माप काढणं सोपं आहे: ७००सी रिम आणि ३५ मिमीचा टायर असेल, तर चाकाच्या आसापासून टायरचा माथा साधारण ३४६ मिमीवर येतो. त्यावर मडगार्ड आणि बोटभर फट, बास. फ्रेमवरचं बोल्टचं भोक मात्र आसाच्या थोडं वर असतं, तेवढं अंतर वजा करायला विसरू नका.

पिशव्या बाजूलाच लटकवणार असाल तर वरच्या फळीपेक्षा त्या अडकवायची दांडी कुठे आहे ते महत्त्वाचं. ट्यूबस कंपनीच्या ‘लोगो’ कॅरिअरला ही दांडी वेगळी, फळीच्या खाली दिलेली आहे. मला ही रचना मनापासून आवडते, कारण पिशवी खाली येते आणि फळीही मोकळी राहते. पिशवी मागे सरकवता येते का, तेही बघा. फ्रेमचा मागचा त्रिकोण आखूड असेल तर टाच दर फेरीला तिच्यावर आपटते.

डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपरला (डिस्क पकडणाऱ्या भागाला) वळसा घालणाऱ्या पायांचंच कॅरिअर घ्या. बोल्टवर लांब स्पेसर (अंतर राखणारी नळी) घालून साधं कॅरिअर बसतं खरं, पण मग सगळा भार एम५च्या, म्हणजे ५ मिमी जाडीच्या, बोल्टला वाकवत राहतो.