रीबॉयलरची वाफ

परवा पुण्याहून भाची आली होती. कार्बन कॅप्चरवर पीएचडी करतेय. जेवताना म्हणाली, "मामा, आम्ही धुरातला सीओटू पकडायचं मटेरियल शोधतोय." मला हसू आलं. अमोनिया प्लँटमध्ये आयुष्यभर मी दुसरं काय केलं? वायूतला सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, काढायचा आणि युरियाकडे पाठवायचा.

त्यासाठी आमच्याकडे आधी गरम पोटॅशियम कार्बोनेटचं सोल्युशन होतं. लोखंड गंजू नये म्हणून त्यात व्हॅनेडियम पेंटॉक्साइड, तेही विषारीच. त्याआधीच्या पिढीतल्या काही प्लँटांत तर आर्सेनिक घालत! पुढे एमडीईए हे अमाइन (सीओटू धरणारं रसायन) आणि त्याला वेग द्यायला थोडं पिपेराझिन आलं. सोल्युशन तापवून सीओटू सोडवणाऱ्या रीबॉयलरची वाफ कमी लागायला लागली तेव्हा लॉगबुकातला आकडा मी दोनदा तपासला होता.

"मग तेच चिमणीला लावा की!"

"तुमचा वायू पंचवीस-तीस बारचा, त्यात ऑक्सिजन नाही. आमच्या धुराला प्रेशरच नाही."

बरोबर आहे पोरीचं. कोळशाच्या धुरात सीओटू १२ ते १४ टक्के, त्यात एमडीईए फार मंद. म्हणून एमईए हे जास्त चपळ अमाइन वापरतात. अमाइननं वायू धुण्याचं पेटंट १९३० सालचं! एमईए सीओटूला घट्ट धरतं, एका रेणूला आपले दोन खर्ची घालून. ती पकड सोडवायला १२० अंशांपर्यंत तापवा. सीओटूच्या टनामागे साडेतीन-चार गिगाजूल उष्णता. सोल्युशनमध्ये ७० टक्के पाणीच, तेही फुकट तापतं. वर ऑक्सिजननं अमाइन कुजतं, अमोनिया सुटतो आणि धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडांमुळे थोडे नायट्रोसामाइनही बनतात. त्यातले बरेच कर्करोगकारक.

तिच्या लॅबमध्ये सगळ्या नव्या मटेरियलची तुलना काल्फ-२० शी होते. जस्त, ऑक्झलेट आणि ट्रायझोल यांची जाळीदार पूड, मूळ कॅनडातल्या कॅल्गरीची. २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आली. सीओटू छिद्रांत नुसता टेकतो, रासायनिक बंध नाही, म्हणून सोडवायला उष्णता कमी. कॅनडात सिमेंट कारखान्याच्या खऱ्या धुरावर चालवून झालंय.

मी विचारलं, "फेस येतो का?" सोल्युशनला फेस आला की रात्री तीनला अँटीफोमचा डबा घेऊन धावणारा माणूस दुसरं काय विचारणार?

"पुडीला कसला फेस, मामा!"

"आणि दमट हवेत?"

"चाळीसेक टक्के आर्द्रतेपर्यंत ठीक. त्यापुढे पाणी जागा अडवायला लागतं."

चिमणीचा धूर ओलाच असतो. आधी तो थंड करून कोरडा करायचा, म्हणजे त्याचा खर्च आलाच. मी कागद-पेन मागितलं. आमटी तोवर गार झाली.