आधी राउंड, मग बॉल

परवा दुपारी साताऱ्यात राजवाड्यापाशी एका रसवंतीत बसलो होतो. खरं तर मला रस नको होता, सावली हवी होती, पण सावली फुकट मिळत नाही म्हणून एक हाफ सांगितला, बर्फ कमी. पलीकडच्या बाकड्यावर दोन पोरं, विशी-बाविशीची. एक मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या लाल जर्सीत, पाठीवरचं नाव धुऊन धुऊन निम्मं उडालेलं, आणि दुसरा एकदम टापटीप, गळ्यात हेडफोन. दोघांचं युनायटेडच्या मॅनेजरवरनं, म्हणजे टीमच्या कोचवरनं, जुंपलेलं. रसवाल्याला बराच वेळ वाटत होतं की हे कुठल्यातरी बँकेबद्दल चाललंय, कारण "नुसता पळवतोय सगळ्यांना, काढलाच पायजे त्याला" हे वाक्य बँकेच्या मॅनेजरलाही जसंच्या तसं लागू पडतं. तो मधेच "व्हय, माझं पण कर्जाचं तसंच केलं" म्हणाला तेव्हा दोघं गप्प झाले आणि मग खो खो हसले.

युनायटेडच्या सध्याच्या मॅनेजरचं नाव मी इथे लिहीत नाही, तुम्ही हे वाचेपर्यंत तो खुर्चीवर असेल याची गॅरंटी कोण देणार. 2013 ला जुना मॅनेजर फर्ग्युसन रिटायर झाला आणि त्यानंतर मोयेस, व्हॅन गाल, मोरिन्हो, सोल्शायर, रांगनिक, टेन हाग, अमोरिम अशी जी रांग लागली ती एसटी स्टँडवर शनिवारी पुण्याच्या गाडीला पण लागत नाही. आणि नवा माणूस आला की फॅन लोकांत पहिली चर्चा हीच, पोरं फिट नाहीत, पोरांना मेहनत नको, हा आता घाम काढेल. मग सहा महिन्यांनी तेच लोक, अरे किती घाम काढतो, सगळे हॅमस्ट्रिंग धरून बसले की.

लाल जर्सीवाला मेहनत पार्टीचा. त्याने टेन हागचा किस्सा काढला, आणि हा किस्सा मलाही फार आवडतो म्हणून मी ग्लास खाली ठेवला. ऑगस्ट 2022, ब्रेंटफर्डकडून 4-0 मार खाल्लेला, ते पण पहिल्या हाफमध्येच चारही गोल. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती ती कॅन्सल. आकडे काढले तर ब्रेंटफर्डची टीम युनायटेडपेक्षा 13.8 किलोमीटर जास्त पळालेली. तर याने सगळ्यांना भर उन्हात तेवढंच, 13.8 किलोमीटर पळवलं, आणि स्वतःही त्यांच्याबरोबर पळाला.

"आणि लगेच पुढच्या मॅचला लिव्हरपूलला हाणलं का नाय? दोन-एक!" लाल जर्सी.

"आणि नंतर? त्याला पण काढलाच की लगा," हेडफोन.

माझं लक्ष मात्र गणितात अडकलं. 13.8 किलोमीटर हा फरक अख्ख्या टीमचा मिळून होता, म्हणजे माणशी जेमतेम सव्वा किलोमीटर. तो सगळा प्रत्येकाने एकट्याने भरून द्यायचा. उधारी सगळ्यांनी मिळून केली आणि वसुली प्रत्येकाकडून पूर्ण. हे असलं गणित जगात फक्त पीटीच्या सरांना येतं.

आमच्या सरांना यायचं. सर सायकलवरून यायचे, हँडलला एक पोतं बांधलेलं, त्या पोत्यात बॉल. एकच बॉल. शिलाई उसवलेला, मोच्याकडून दोनदा टाके घालून आणलेला, त्यामुळे एका बाजूला जरा जड, लाथ मारली की आपण ठरवलेल्या दिशेला जाईलच असं नाही. ते पोतं सर सोडायचे नाहीत. आधी राउंड, मग बॉल. मैदान मुरमाचं, कडेला पाण्याची सिमेंटची टाकी, तिला वळसा घालून यायचं. किती राउंड ते कधीच सांगायचे नाहीत, "मी सांगतो" एवढंच. आणि ते सांगायचे तेव्हा अजिंक्यताऱ्यामागे सूर्य गेलेला असायचा, मग पोतं सुटायचं, मग दहा मिनिटं आम्ही अंधारात आवाजावर फुटबॉल खेळायचो. मला आजही फुटबॉल म्हटलं की आधी धाप आठवते आणि बॉल नंतर.

आमच्यात एक होता, डावऱ्या. खरं नाव सांगत नाही, आता मोठा माणूस आहे. डाव्या पायाने त्या उसवलेल्या बॉललाही तो असा काही पोटाशी घ्यायचा की बॉल सरळ व्हायचा. पण पळायचा कंटाळा, कंटाळा म्हणजे तत्त्वच. पहिला राउंड आमच्याबरोबर, दुसऱ्या राउंडला टाकीमागे गडप. तिथे निवांत बसायचा, नळाचं पाणी मानेवर, शर्टवर, कपाळावर मारायचा, आणि शेवटच्या राउंडला आमच्यात घुसून सगळ्यात जास्त धापा टाकायचा. बरेच दिवस खपलं. मग एकदा सरांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि तोंडाकडे बघितलंच नाही, खाली वाकून पाय बघत निघाले. आमच्या सगळ्यांच्या नडग्या गुडघ्यापर्यंत तांबड्या धुळीने माखलेल्या, घामाचे ओघळ त्यातून खाली आलेले. डावऱ्याचे पाय स्वच्छ. घाम वरून खाली येतो आणि धूळ खालून वर जाते, हे शास्त्र त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं.

सर काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात शाळांच्या मॅचेस होत्या, त्यात त्याला बाहेर बसवला. पूर्ण मॅच. तो कडेला बसून आवळा सुपारी चघळत होता आणि आम्ही पळत होतो. काय पळलो म्हणता, बॉल तिकडे की आम्ही तिकडे, अकरा जण घोळक्याने. समोरच्यांनी दोन गोल घातले आणि आरामात घातले. मॅच संपल्यावर सर आले, आम्हाला वाटलं आता सटासट, तर सर म्हणाले, "पळालात चांगलं." आणि तोंडावर चक्क समाधान! हरल्याचं काही नाही. ते समाधान मला तेव्हा कळलं नव्हतं आणि पुढे टीव्हीवर मोठमोठ्या मॅनेजरच्या तोंडावर दिसलं तेव्हा ओळखीचं वाटलं.

अर्जेंटिनाच्या रिकेल्मेचं दुःख माझं याच खात्यात जमा आहे. 2006 चा वर्ल्डकप, क्वार्टरफायनल, अर्जेंटिना-जर्मनी. तेव्हा आमच्याकडे लोडशेडिंग असं की वर्ल्डकप बघायचा तर इन्व्हर्टरवाला मित्र आधी बघून ठेवावा लागायचा. रिकेल्मे म्हणजे पळणं हा प्रकारच नाही, बॉल पायाखाली दाबून उभा, जसं काही पाहुणे यायचेत. त्याने कॉर्नर मारला, आयालाने डोकं लावलं, 1-0. आणि 72 व्या मिनिटाला त्यांचा कोच पेकरमनने त्याला बाहेर काढलं, कांबियासो आत. का, तर आता पळणारा, अडवणारा माणूस पाहिजे, लीड राखायचंय. 80 व्या मिनिटाला जर्मनीच्या क्लोझेने बरोबरी केली, पेनल्टीवर अर्जेंटिना घरी. आता रिकेल्मे राहिला असता तर जिंकले असते का, याला काही पुरावा नाही, आणि माझ्याशी या विषयावर वाद घातलेला मला चालत नाही. घरी सगळ्यांना माहितीये, मुलगी मुद्दाम पाहुण्यांसमोर पेकरमनचा विषय काढते.

तर रसवंतीत हेडफोनवाल्याने तोपर्यंत मेस्सी काढला होता. मेस्सी निम्मी मॅच चालतो, मॉर्निंग वॉकला आल्यासारखा, मान वळवून बघत, आणि 2022 ला वर्ल्डकप घेऊन गेला. मी मनात म्हटलं, शाब्बास रे वाघा. पण मेहनत पार्टीकडे बिएल्सा असतोच. लीड्स या इंग्लिश क्लबचा तेव्हाचा मॅनेजर बिएल्सा, ज्याच्या प्रॅक्टिसला खेळाडू मर्डरबॉल म्हणायचे, बॉल बाहेर जात नाही, शिट्टी नाही, थांबायचं नाही, दम घ्यायला जागा नाही. 16 वर्षं खाली कुजत पडलेली टीम त्याने 2020 ला प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये आणली, पहिल्या सीझनला नववा नंबर, लोक वेडे झाले, आम्ही पण. आणि त्याच्या पुढच्या सीझनला, फेब्रुवारी 2022 मध्ये, एका महिन्यात 20 गोल खाल्ले आणि त्याला काढलं.

समोर रसवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाचा ऊस घालत होता. घुंगरं छन छन. ऊस एकदा चरकातून गेला की रस धो धो, मग तो चिपाड दुमडतो, दुमडीत लिंबाची फोड आणि आल्याचा तुकडा ठेवतो, परत आत, परत दुमडतो, परत आत. चौथ्या वेळेला खाली थेंब पडत नाही, नुसता चरक कुरकुरतो, तरी घालतोच. बिएल्साच्या प्रीमियर लीगमधल्या दुसऱ्या सीझनचं याहून चांगलं अ‍ॅनालिसिस मी कुठे ऐकलं नाही.

पण हे पळवणारे लोक नुसते दुष्ट असते तर सोपं होतं. 2022 च्याच जुलैमध्ये टॉटनहॅम या इंग्लिश क्लबची टीम कोरियात सोलला गेली होती, कोंटे मॅनेजर आणि त्याचा फिटनेसवाला वेन्त्रोने, टोपणनाव मरीन. त्या दमट उन्हात प्रॅक्टिस झाल्यावर वर आणखी मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवलं, त्यांच्या केनला उलटी झाली, सॉन हा दुसरा खेळाडू तर आडवाच. ते व्हिडिओ बघून मी शिव्या घातल्या होत्या. ऑक्टोबरमध्ये तो वेन्त्रोने आजाराने गेला. आणि दोनच दिवसांनी ब्रायटनविरुद्ध गोल मारून केनने वर आभाळाकडे बोट दाखवलं. ज्याने उलट्या करायला लावल्या त्याच्यासाठी. आता याचं काय करायचं?

मला वाटलं आता मेस्सीवर विषय संपला, हेडफोन जिंकला. लाल जर्सी थोडा वेळ गप्प होता, स्ट्रॉने तळाचा बर्फ ढवळत. मग म्हणाला, "तुला काय जातंय बोलायला. सोळाशेला दोन सेकंद जास्त लागले ना, तरी मार्क जात्यात. मी मेस्सी हाय म्हणून सांगितलं तर घेत्याल का?"

तेव्हा कुठे कळलं, भरतीचं पोरगं. त्याची जर्सी अशी विटलेली का, तेही कळलं. पहाटे स्टेडियमवर, शहराबाहेरच्या रस्त्यांना, अंधारात घोळक्याने पळणारी पोरं आपण रोज बघतो आणि गाडीचा डिपर मारून पुढे जातो. पोलीस भरतीचं सोळाशे मीटर. जागा थोड्या, पोरं हजारोंनी. कुणी वस्तीवरून येऊन इथे कॉट बेसिसवर राहतोय, कुणी रात्री हॉटेलात काम करून पहाटे मैदानावर. साताऱ्यात पळणं म्हणजे खेळ कमी आणि अर्ज जास्त. माणदेशातल्या मोहीची ललिता बाबर 2016 ला रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या फायनलमध्ये दहावी आली, ती पण आमच्याकडे आईबाप पोरांना सांगतात ते पळून काय मिळतं याचा दाखला म्हणून, स्टीपलचेसमध्ये ते पाण्याचं काय असतं ते कुणाला माहीत नसतं.

"मागल्या वेळी किती कमी पडले?" हेडफोनने विचारलं, एकदम वेगळ्या आवाजात.

"दोन."

"मार्क?"

"व्हय. पळण्यात फुल होते. लेखीला गेले."

म्हणजे हा पळण्यात पास होता! आणि तरी बाजू पळण्याचीच घेत होता. मला रिकेल्मेबद्दल जे काय बोलायचं होतं ते मी गिळलं. बिएल्साने म्हणे लीड्समध्ये आल्या आल्या खेळाडूंना तीन तास मैदानाच्या आजूबाजूचा कचरा उचलायला लावला होता, का तर एका तिकिटासाठी साध्या फॅनला साधारण तेवढे तास राबावं लागतं. हा किस्सा त्या पोराला सांगावा असं आलं मनात, पण सांगितला नाही. त्याला कशाला सांगायचा.

संध्याकाळी डावऱ्याला फोन केला, म्हटलं बाबा आज तुझी आठवण झाली, टाकी आठवते का. तो आठवून आठवून हसला आणि मग गंभीर होत म्हणाला, "सरांचं बरोबर होतं रे पण. बेस बनत होता आपला." बेस! हा हल्ली हिल मॅरेथॉन पळतो, दरवर्षी. मनगटावर घड्याळ, त्यात हार्ट रेट, पेस, झोन टू, सगळं आम्हाला ग्रुपवर सकाळी सात वाजता नकाशासकट येतं. सगळ्या जगात माझा एक माणूस होता कामचुकारांच्या बाजूचा, तोही गेला.

रविवारी पहाटे पाचला पोवई नाक्यावर ये म्हणाला, यवतेश्वर घाट चढू, हळू हळू, चालत चालत. मी म्हटलं चालत असेल तर बघू.