चार विरुद्ध तीन

कतारच्या वर्ल्डकपचा विषय निघाला की सगळे थेट फायनलवर येतात. माझं मन मात्र पाच दिवस मागे जातं. १३ डिसेंबर २०२२, अर्जेंटिना विरुद्ध क्रोएशिया, सेमीफायनल. आपल्याकडे रात्रीचे साडेबारा. कोल्हापुरात थंडी होती, घरातले सगळे झोपलेले, आणि मी नि माझा पुतण्या टीव्हीचा आवाज अगदी बारीक करून बसलेलो. स्क्रीनवर टीम आली आणि तो म्हणाला, "काका, आज विंगरच न्हाईत की!"

त्याचं बरोबर होतं, कडेनं धावणारं कुणी नव्हतंच. अर्जेंटिनाचा कोच स्कालोनी, त्यानं मधे चार जण उभे केले होते: परेदेस, एन्झो फर्नांडेस, दे पॉल आणि मॅक अ‍ॅलिस्टर. आधीच्या मॅचला नेदरलँड्ससमोर मागे पाच जण होते. त्यातला लिसांद्रो मार्टिनेस बाहेर बसला आणि त्याच्या जागी परेदेस आला, म्हणजे बचावातला एक माणूस उचलून मधे आणून ठेवला.

हे का, ते कळायला ९ डिसेंबरची ब्राझील-क्रोएशिया मॅच आठवावी लागते. आमच्या पेठेतले ब्राझीलवाले त्या रात्री रडले. आजही विचारा, ते पेनल्टींबद्दलच बोलतील. मी पेठेच्या टीमकडून बारा वर्षं हाफ, म्हणजे मधल्या फळीत, खेळलो. मला मॅच तिथून दिसते, आणि तिथून पाहिलं तर ब्राझीलची कोंडी पेनल्टींच्या फार आधी झाली होती. ब्राझीलचे मधे दोघंच, कासेमिरो आणि पाकेता. पुढे नेमार, पण तो मुळात फॉरवर्ड. क्रोएशियाचे तिघं: मॉद्रिच, ब्रोझोविच, कोवाचिच. कासेमिरोनं ब्रोझोविचला धरलं की मॉद्रिच मोकळा. मॉद्रिचकडे जावं तर कोवाचिच चेंडू घेऊन निघालाच. नेमार मागे आला तर हिशोब जमतो, पण मग पुढे पास कुणाला द्यायचा? १०५ मिनिटं गोल नाही. नेमारचा गोल झाला, ११७व्या मिनिटाला क्रोएशियाच्या पेत्कोविचनं तो फेडला, आणि पेनल्टीवर क्रोएशिया ४-२.

सेमीफायनलच्या हाफटाइमला हे पुतण्याला समजावताना मी ताटलीत दाणे मांडले. तीन फुटाणे क्रोएशियाचे, चार शेंगदाणे अर्जेंटिनाचे. एक फुटाणा जरा पुढे, दोन बाजूला. त्यांच्याभोवती चार शेंगदाणे असे जवळजवळ, की कुठलाही फुटाणा वळला तरी समोर एक शेंगदाणा आणि बाजूला दुसरा. तो बघत राहिला आणि म्हणाला, "पण मग कडा मोकळ्याच हाईत." हो, मोकळ्याच होत्या. स्कालोनीनं ती किंमत जाणूनबुजून मोजली होती. साइडनं या, क्रॉस टाका, आत रोमेरो आणि ओतामेंदी उभे आहेत. क्रोएशियाचा क्रामारिच काही हेडरवर जगणारा स्ट्रायकर नव्हे.

चेंडू जास्त वेळ क्रोएशियाकडेच होता. पण तो आडवा फिरत राहिला. ३४व्या मिनिटाचा गोल सगळ्यांना मेस्सीच्या पेनल्टीमुळे आठवतो. मला आठवतो त्याआधीचा एन्झोचा पास. चेंडू पायाशी घेऊन मान वर करायला त्याला वेळ मिळाला. असा वेळ कासेमिरोला मिळाला नव्हता. बचावामागे चेंडू पडला, आपला आल्वारेस धावला, क्रोएशियाचा गोलकीपर लिवाकोविचनं त्याला पाडलं. पाच मिनिटांनी दुसरा गोल. ५०व्या मिनिटाला ब्रोझोविचला काढून पेत्कोविच आला, हाफ काढून स्ट्रायकर. मी ताटलीतला मधला फुटाणा उचलला. पुतण्यानं नुसती मान हलवली. ३-० झालं तेव्हा दोघंही ओरडलो नाही, बायको उठली असती.

आता फायनल, फ्रान्सशी. सेमीफायनलमध्ये इतकं जमलेलं गणित कुठलाही कोच तसंच ठेवेल. स्कालोनीनं ते मोडलं. परेदेस बाहेर, विंगर दि मारिया आत, आणि तोही डावीकडे. स्पर्धेत तोवर तो जास्त करून उजवीकडे खेळलेला. मधे पुन्हा तिघं. कारण समोर फ्रान्सचे चुआमेनी आणि राबियो असे दोघंच होते, आणि ग्रीझमन खाली येऊन तिसरा होणार. तिथे चौथा माणूस वाया गेला असता. त्यापेक्षा मेस्सी आणि दे पॉल उजवीकडे चेंडू खेळवत राहिले, फ्रान्सची माणसं तिकडे सरकत गेली, आणि लांब डावीकडे दि मारिया एकटा, फ्रान्सचा राइट बॅक कुंदेसमोर. डेम्बेले कुंदेच्या मदतीला धावला आणि त्यानंच दि मारियाला पाडलं. पेनल्टी. ३६व्या मिनिटाच्या गोलात मॅक अ‍ॅलिस्टर मधून सुटला आणि त्यानं आडवा पास दिला तो दि मारियालाच. पहिल्या हाफमध्ये फ्रान्सचा एकही शॉट नाही. ४१व्या मिनिटाला फ्रान्सचे कोच देशाँनी जिरू आणि डेम्बेलेला बाहेर काढलं. वर्ल्डकप फायनलमध्ये, हाफटाइमच्या आधी, दोघांना!

६४व्या मिनिटाला दि मारिया बाहेर गेला, बचावातला आकुन्या आला. मला तेव्हाच पोटात धस्स झालं. कुंदेला मागे खिळवून ठेवणारं आता कुणी नव्हतं. ७१व्या मिनिटाला फ्रान्सचे कोमान आणि कामाविंगा आले, ग्रीझमनसुद्धा बाहेर. आता फ्रान्सनं मधल्या फळीचा नाद सोडून पुढे चार धावणारे लावले. ८०व्या मिनिटाला एम्बाप्पेची पेनल्टी, आणि लगेच पुढच्या मिनिटाला कोमाननं चक्क मेस्सीच्या पायातून चेंडू काढला. राबियो, एम्बाप्पे, थुराम, परत एम्बाप्पे. २-२. पुढे ३-३ आणि पेनल्टीवर अर्जेंटिना ४-२, हे सगळ्यांना पाठच आहे.

पुतण्याशी माझा वाद अजून चालू आहे. तो म्हणतो, दि मारिया दुखापतीतून आलेला, दमला होता, काढणं भाग होतं. दमला असेल. पण नुसता डावीकडे उभा राहिला असता तरी कुंदे वर आला नसता, आणि मला ती दहा-पंधरा मिनिटं हवी होती.