५८ अक्षरांचं गाव आणि एक ध्वनिमुद्रण

वेल्सवरच्या माहितीपटाचं मराठी निवेदन चालू होतं आणि लिप्यंतर तपासायला मी बसलो होतो. अँगलसी बेटावरच्या त्या प्रसिद्ध गावाचं नाव आलं आणि निवेदक अडखळले. संहितेत होतं: लान-वायर-पूल-ग्विन-गिल-गो-गेर-उ-क्वीर्न-ड्रॉब-ऊल-लानडस-इलिओ-गोगो-गोच.

हे कुठून आलं ते लगेच ओळखू आलं. गावाच्या रेल्वे स्थानकावरच्या फलकावर नावाखाली उच्चार दिलेला आहे, पण तो इंग्रजी वाचणाऱ्या प्रवाशांसाठी. तोच देवनागरीत उतरवला की चुका दुपटीने वाढतात. 'क्वीर्न' असं वेल्शमध्ये कोणी म्हणत नाही, 'गोच' तर नाहीच. मूळ नावात 'ति' आहे, फलकावरच्या उच्चारात मात्र 'ड' दिसतो.

नाव आधी अर्थाने फोडायचं, मगच तोंडात घ्यायचं. 'लान' म्हणजे मुळात आवार, त्यावरून चर्च. 'वाइर' म्हणजे मेरी, 'पुल' म्हणजे खळगा किंवा डोह, 'ग्विन-गिल' म्हणजे पांढऱ्या हेझलची झाडं. 'गोगेर' म्हणजे जवळ, 'ख्वर्न-द्रोबुल' म्हणजे वेगवान भोवरा. शेवटी 'लान-तिसिल्यो-गोगो-गोख': लाल गुहेजवळचं संत तिसिल्योचं चर्च. बेट आणि मुख्य भूमी यांमधल्या मेनाय सामुद्रधुनीतून पाणी खरोखरच जोरात वाहतं, तेव्हा भोवरा हा नुसता शब्दांचा खेळ नाही. जुनं नाव मात्र 'पुलग्विनगिल'पर्यंतच होतं. पुढची शेपटी १८६० च्या दशकात जोडली, रेल्वेने येणाऱ्या पाहुण्यांचं लक्ष वेधावं म्हणून.

मेरी वेल्शमध्ये 'माइर', मग इथे 'वाइर' कसं? 'लान' स्त्रीलिंगी असल्याने पुढचं व्यंजन मऊ होतं. 'कोख' म्हणजे लाल, तो 'गुहा' या अर्थाच्या 'गोगो'मागे आला की 'गोख'. आपल्याकडे वाक् आणि ईश मिळून वागीश होतो, साधारण तसंच. फक्त इथे बदल दुसऱ्या शब्दाच्या आरंभी होतो. हे निवेदकांना सांगितल्यावर संहितेतलं 'वायर' आपोआप गेलं.

खरी अडचण जोड-'ल'ची. रोमन लिपीत दोन एल लागोपाठ येतात, आणि या नावात ती जोडी पाच वेळा आहे. एका ठिकाणी तर चार एल सलग, कारण 'द्रोबुल' संपतो तिथेच 'लान' सुरू होतो. वेल्श वर्णमालेत ही जोडी एकच अक्षर मानतात, 'ख'साठीची सीएच जोडीही तशीच. म्हणून रोमन लिपीत ५८ अक्षरं भरतात आणि वेल्श हिशेबाने ५१.

हा आवाज 'ल' नाही, 'ळ' तर मुळीच नाही. जीभ 'ल'च्या जागी, वरच्या दातांमागे टेकवायची, घशातून आवाज काढायचा नाही, आणि जिभेच्या कडेने हवा सोडायची. मराठीत त्यातल्या त्यात जवळचा 'कोल्हा'मधला 'ल्ह', पण त्यात घसा गुंजतो, तो बंद ठेवावा लागतो. मी संहितेत 'ल्हान' लिहिलं आणि तिथेच फसलो: निवेदकांनी सरळ 'लहान' वाचलं. चूक त्यांची नव्हती, लिपीनेच ती सुचवली होती. मग 'लान' लिहून 'ल'खाली रेघ मारली आणि रेघ दिसली की फक्त हवा, असं ठरवलं. 'ख'चंही तेच: 'खडू'तला नाही, 'ख़बर'मधला घासणारा. नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा टिंब, वाचताना सुटतो, म्हणून तिथेही रेघ. नावात तुटक येणारा एकटा स्वर आपला 'अ'च आहे, त्याला 'उ' करू नये.

शेवटची प्रत अशी झाली (अक्षरांखालच्या रेघा इथे दाखवलेल्या नाहीत):

लान-वाइर-पुल / ग्विन-गिल / गो-गेर-अ / ख्वर्न-द्रो-बुल / लान-ति-सिल-यो / गो-गो-गोऽख

तिरप्या रेघेपाशी श्वास घेतला तर चालतो, अक्षरांमधल्या छोट्या आडव्या रेघेपाशी नाही. जोर शेवटच्या 'गोख'वर, आणि लांब तेवढाच. चौथ्या खेपेला नाव सलग, स्वच्छ उतरलं. शेजारी बसलेल्या तंत्रज्ञांनी शेवटचा 'ख' पुन्हा लावून ऐकवला, त्यात घसा खरखरल्याचा बारीक आवाज होता; तोच हवा होता.

छापील मजकुरासाठी नियम वेगळा ठेवला. पूर्ण नाव एकदाच, पुढे सगळीकडे 'लानवाइरपुल', कारण तिथले लोकही रोज एवढंच म्हणतात. विभक्ती त्यालाच लावायची: लानवाइरपुलला, लानवाइरपुलमध्ये. पूर्ण नावाला प्रत्यय जोडला की वाचकाला नाव कुठे संपलं ते कळत नाही. तिथे 'या गावात' असं लिहून मोकळं व्हावं. उपशीर्षकात पूर्ण नाव एका ओळीत मावत नाही. ते 'द्रोबुल'नंतर तोडायचं, म्हणजे दुसरी ओळ 'लान'पासून सुरू होते आणि दोन्ही चर्चची नावं आपापल्या ओळीत राहतात.