मनीची पिशवी आणि पुढच्या सीटखालची जागा

मांजराला केबिनमध्ये सोबत न्यायचं असेल तर आधी मांजराची जागा विचारायची, मग आपलं तिकीट काढायचं. एका विमानाच्या केबिनमध्ये मोजकेच प्राणी घेतात, आणि वेबसाइटवर सीट रिकामी दिसली तरी प्राण्याची जागा शिल्लक आहे की नाही ते तिथे कळेलच असं नाही. म्हणून मी विमान कंपनीला फोन केला. पलीकडच्या बाईंनी मांजराची जात विचारली, पिशवीसकट वजन विचारलं, पिशवीची लांबी-रुंदी-उंची विचारली. चपट्या नाकाचे प्राणी, म्हणजे पग, बुलडॉग, पर्शियन मांजर वगैरे, कित्येक कंपन्या घेत नाहीत, कारण त्यांना एरवीही श्वासाला त्रास असतो. आमची मनी साधी, लांब नाकाची, म्हणून हा प्रश्न लगेच मिटला. वजनाची मर्यादा मात्र कसून पाळतात. पिशवी धरून ८ किलो ही बऱ्याच कंपन्यांची हद्द आहे, त्यामुळे पिशवी जितकी हलकी तितकं बरं.

खर्चाचं म्हणाल तर कंपनीचं शुल्क हा त्यातला फक्त दिसणारा भाग. ते एका बाजूचं असतं, परतीचं वेगळं. मध्ये विमान बदलायचं असेल तर पुन्हा लागतं का, तेही आधीच विचारून घ्यावं. शिवाय बहुतेक ठिकाणी मांजराची पिशवी हीच तुमची हातातली बॅग धरतात, म्हणजे आपली बॅग चेक-इनला द्या आणि तिचे पैसे भरा. घरबसल्या चेक-इन सहसा होत नाही, काउंटरवर कागद दाखवावे लागतात, तेव्हा लवकर निघा. आणि इतकं भरून मिळतं काय, तर पुढच्या सीटखालची जागा. आपली सीट आपत्कालीन दरवाजाच्या किंवा सर्वांत पुढच्या रांगेतली चालत नाही.

दुसऱ्या देशात जायचं असेल तर मोठा खर्च प्राण्यांच्या डॉक्टरांकडे होतो, आणि तिथे क्रमाला फार महत्त्व आहे. युरोपीय संघात न्यायचं तर आधी १५ आकडी मायक्रोचिप (ओळखीसाठी कातडीखाली बसवतात ती), मग रेबीजची लस. चिप नंतर बसवली तर आधीची लस धरत नाहीत, ती पुन्हा द्यावी लागते. पहिल्या लशीनंतर २१ दिवस थांबायचं. काही देशांतून निघताना रक्ताची चाचणीही लागते, त्यात लशीने तयार झालेल्या प्रतिपिंडांचं प्रमाण मिलिलिटरला निदान ०.५ आययू (हे मोजण्याचं एकक) यावं लागतं आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने वाट पाहावी लागते. ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या विमानात तर पाळीव प्राणी केबिनमध्ये घेतच नाहीत, तिथे कार्गोच. हे सगळं तिकिटाच्या आधी बघायचं.

मनीला झोपेचं औषध द्यावं का, असं मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी नको म्हणून सांगितलं आणि कारणही समजावलं. केबिनमधली हवा साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते. गुंगीच्या औषधाने रक्तदाब उतरतो, श्वास मंदावतो, आणि खुर्चीखाली बंद पिशवीत ते आपल्या लक्षातही येत नाही. औषधाऐवजी पिशवीची सवय लावा, म्हणाले.

मग तेच काम धरलं. मऊ कापडाची, बाजूंना जाळी असलेली, आत मनीला उभं राहून वळता येईल अशी पिशवी आणली आणि हॉलमध्ये उघडीच ठेवून दिली. आत तिची जुनी चादर. आधी खाऊ पिशवीच्या तोंडाशी, मग आत. ती आत झोपायला लागल्यावर चेन मिनिटभर बंद, मग जास्त वेळ. मग खांद्याला लावून जिना, मग गाडी. घाई केली नाही. माझ्या मते या प्रवासातलं सगळ्यात मोलाचं काम हेच, आणि ते फुकट होतं.

सिक्युरिटीला त्याचं फळ दिसलं. तिथे पिशवी रिकामी करून एक्स-रेच्या पट्ट्यावर जाते आणि मांजर आपल्या हातात. गर्दी, ट्रेंचा खणखणाट, भोंगे. हातातून सुटलं तर मांजर विमानतळावर सापडणं कठीण. म्हणून मी बंद खोली मागितली. मागितली की बहुतेक ठिकाणी देतात. मनीला हार्नेस, म्हणजे अंगाभोवतीचा पट्टा होता, दोरी माझ्या मनगटाला गुंडाळलेली. तिने नखं माझ्या खांद्यात रुतवली होती, शेपूट फुलून जाड झाली होती, छाती धडधडत होती. रिकामी पिशवी परत आली तशी ती खांद्यावरून उतरून थेट आत शिरली, मी चेन ओढली.

विमानात सीटवर बसायच्या आधीच शेजारच्या गृहस्थांना सांगितलं, “माझ्या पायाशी मांजर आहे. तुम्हाला ॲलर्जी तर नाही ना?” ते म्हणाले, “डोळ्यांना पाणी येतं हो.” मांजराच्या ॲलर्जीचं मुख्य कारण तिच्या लाळेत आणि त्वचेत तयार होणारं एक प्रथिन असतं. ती अंग चाटते, लाळ वाळते आणि बारीक कण हवेत जातात, म्हणजे पिशवी बंद असली तरी त्यांना त्रास होणारच. दार बंद व्हायच्या आत मी केबिन क्रूला बोलावलं. त्यांनी मला मागच्या रांगेत जागा दिली. उठायचं आपण, आणि बदल क्रूमार्फतच करायचा, कारण प्राणी कुठे चालतो ते त्यांना ठाऊक असतं.

विमान सुटताना मनी ओरडली. जाळीवर हात ठेवून बसले, थोड्या वेळाने थांबली. मागच्या सीटवरच्या मुलाला तिला बघायचं होतं. जाळीतून दाखवली, चेन उघडली नाही. प्राणी बाहेर काढून मांडीवर घेणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. विमान हादरलं आणि ते सुटलं तर सगळ्या केबिनला त्रास. त्याहून वाईट म्हणजे शुल्क वाचवायला पाळीव प्राण्याला ‘आधाराचा प्राणी’ म्हणणं. अमेरिकेत हे इतकं वाढलं की जानेवारी २०२१ पासून भावनिक आधाराच्या प्राण्याला सेवा-प्राणी (अपंग माणसाला मदत करायला शिकवलेला, विनाशुल्क नेला जाणारा) मानायचं बंधन विमान कंपन्यांवर उरलं नाही. अशा खोटेपणामुळे प्रशिक्षित कुत्र्याच्या भरवशावर चालणाऱ्या अंध माणसाकडे संशयाने बघितलं जातं.

शेवटचं जेवण निघण्याआधी पाच-सहा तास दिलं होतं, पाणी मात्र बंद केलं नव्हतं. तरी शोषक पॅड ओला झाला. तो शौचालयात बदलला, दार लावून, हार्नेस धरून, आणि ओला पॅड चेनच्या पिशवीत घालून बरोबर ठेवला, सीटच्या खिशात नाही. जादा पॅड आणि ओले टिश्यू बाहेरच्या कप्प्यात असावेत, वाकून शोधावं लागू नये.

परतीची जागा जातानाच्याच फोनवर राखून घ्यावी. आणि आरोग्य प्रमाणपत्राची मुदत थोड्या दिवसांचीच असते, बऱ्याचदा दहा दिवसांची. मुक्काम त्याहून लांबला तर तिथल्या डॉक्टरांकडे जाऊन नवं काढावं लागतं, तेही पैसे आधीच हिशेबात धरावेत.