पाच महिने झोपणारं झाड विकायचं म्हणजे

डिसेंबर लागला की आमच्या नर्सरीत फोन सुरू होतात. "ताई, तुमच्याकडून नेलेलं झाड मेलं हो!"

"पानं गळाली का?"

"सगळी. नुसता सोटा उभाय."

"खोड दाबून बघा. कडक लागतंय?"

"हो, कडक आहे."

"मग मेलं नाही, झोपलंय. पाणी बंद ठेवा."

पलीकडे शांतता. एवढे पैसे मोजून घेतलेल्या झाडाला पाणी घालू नका म्हणणारी बाई खरी की खोटी, हे माणूस मनात तोलत असतो.

झाड गोरखचिंचेचं. आज आमचा निम्म्याहून जास्त धंदा त्याच्या बोन्सायवर, म्हणजे कुंडीत बुटक्या ठेवलेल्या झाडांवर चालतो, पण सुरुवात त्याच्यापासून झाली नाही. २००९ साली लग्न होऊन मी वसईला आले तेव्हा वाडीत सोनचाफा, थोडा मोगरा आणि कडेने केळी होती. नाना, म्हणजे माझे सासरे, पहाटेच्या लोकलने फुलं घेऊन दादर गाठायचे. गुडघे बोलायला लागले तसं ते थांबलं. २०११ मध्ये आम्ही वाडीच्या रस्त्याकडच्या तुकड्यावर हिरवी जाळी ताणली आणि जास्वंद, तुळस, मनीप्लांट ठेवून नर्सरी सुरू केली. दोन वर्षं जेमतेम भागलं. मनीप्लांट कोण विकत नाही?

वसईच्या किल्ल्यात ज्यांनी पाऊल टाकलंय त्यांनी गोरखचिंच पाहिलीच असेल, नाव माहीत नसेल एवढंच. चार-पाच माणसांच्या कवेत न मावणारं करडं खोड, त्यावर हत्तीच्या कातडीसारख्या घड्या, आणि उन्हाळ्यात वर नुसत्या काटक्या. झाड मूळचं आफ्रिकेतलं. इकडे अरब व्यापाऱ्यांनी आणलं, पोर्तुगीजांनी आणलं, की आफ्रिकेतून आलेल्या माणसांबरोबर आलं, यावर किल्ल्यात फिरायला येणारे तावातावाने भांडतात. पोर्तुगीज वसईत १५३४ पासून १७३९ पर्यंत होते, त्यामुळे बहुतेकांचं बोट त्यांच्याकडेच. गोरखनाथांनी या झाडाखाली शिष्यांना शिकवलं म्हणून हे नाव, असं नाना सांगतात. वाळलेली फळं कोळी जाळ्यांना तरंगण्यासाठी बांधायचे, हेही त्यांच्याकडूनच कळलं.

असंच एक खाली पडलेलं फळ माझा मुलगा घरी घेऊन आला. वरून मखमली, आतून पांढरा आंबट गर. गर त्याने चाटूनपुसून संपवला, बिया माझ्या वाट्याला आल्या. साठेक बिया ओल्या मातीत पेरल्या आणि महिनाभर रोज वाकून बघितलं. उगवल्या तीन. पुढच्या वेळी बियांची एक कड काचकागदावर घासली, कढत पाण्यात टाकून रात्रभर ठेवल्या, तेव्हा दोन-तीन आठवड्यांत चाळीसच्या वर रोपं वर आली. पहिली पानं साधी, एकेरी. हाताच्या पंजासारखी पाच-सात पर्णिकांची पानं नंतर येतात. मुलगा म्हणाला, "आई, चुकीचं झाड उगवलं."

त्या वर्षीच्या डिसेंबरात रोपांची पानं पिवळी पडून गळायला लागली. मी घाबरले आणि पाणी वाढवलं. रोज, सकाळ-संध्याकाळ. जानेवारीत एक रोप उचललं तर वरून ठणठणीत दिसणाऱ्या खोडाची साल बोटांत सुटून आली. आत भिजलेल्या कापसासारखं काहीतरी आणि नासक्या ताकाचा वास. एकेक करत सगळी रोपं उपटली. जाळीच्या कोपऱ्यात, माझी झारी पोचत नव्हती तिथल्या चार कुंड्या तेवढ्या वाचल्या. आळसाने मला जे शिकवलं ते कष्टाने शिकवलं नव्हतं.

गोरखचिंच खोडात पाणी साठवते. पानं उतरली की ती पाणी पीत नाही, आणि कुंडीत उरलेलं पाणी मुळं कुजवतं. म्हणून आता आमच्या मिश्रणात माती अगदी नावाला असते. चाळून धूळ काढलेले विटांचे बारीक तुकडे दोन भाग, जाड वाळू एक भाग, कुजलेलं शेणखत एक भाग. पाणी घातलं की लगेच खालच्या भोकातून बाहेर यायला हवं. वसईचा पाऊस मात्र तेवढ्यानेही आवरत नाही. जुलैमध्ये आठ-आठ दिवस झड लागते तेव्हा ट्रे प्लास्टिकच्या छपराखाली जातात. एरवी वर्षभर कडक ऊन. सावलीत ठेवलं की फांद्या लांबट होतात आणि पानं ताटाएवढी.

कापणीचं काम मेमध्ये, कोंब फुटायच्या बेतात असताना. रोप उपटलं की खाली गाजरासारखं फुगलेलं सोटमूळ मिळतं. ते कापायचं, जखमेला राख लावायची आणि आठवडाभर रोप सावलीत तसंच उघडं ठेवायचं. पहिल्यांदा नाना ओरडले होते, "अगं, रोप असं वाळत टाकतेस, वेड लागलं का?" जखम सुकली की कोरड्या मिश्रणात लावायचं, पाणी आणखी आठवड्याने. फांद्यांना वळण द्यायला तार गुंडाळतात, त्या भानगडीत आम्ही फारसे पडत नाही. साल मऊ, पावसाळ्यात खोड भराभर फुगतं आणि तार कधी रुतली कळतही नाही. आमची दोन चांगली झाडं त्या वळांमुळे विकायची राहिलीत. फांदी सुतळीने खाली ओढायची, नाहीतर सरळ छाटून नव्या फुटव्याची दिशा बघायची. पिठ्या ढेकूण, म्हणजे पांढरी पिठासारखी कीड येते, ती जुन्या टूथब्रशने घासून काढायची.

आता वयाचं. ते फुगलेलं मूळ जमिनीच्या वर काढून लावलं की तीन-चार वर्षांचं रोप म्हाताऱ्यासारखं दिसतं. आम्हीही तसं लावतो, दिसायला छान दिसतं. पण एका प्रदर्शनात शेजारच्या स्टॉलवर असंच झाड 'पन्नास वर्षांचं' म्हणून हजारोंना गेलं आणि आमच्या 'वय सहा वर्षं' लिहिलेल्या झाडाकडे लोक तुच्छतेने बघून पुढे गेले. त्या दिवशी भाडंही सुटलं नाही. वय लिहिणं आम्ही सोडलं नाही. घरातही यावर वाद झालेत, खोटं कशाला सांगू.

दुसरी खोट गिऱ्हाइकांच्या हातून यायची. निफाडकडच्या एकांनी थंडीत झाड उघड्या गच्चीवर ठेवलं, वर नियमाने पाणी. तिथे पारा दहाच्या खाली जातो. फेब्रुवारीत त्यांनी फोटो पाठवला, खोड मधोमध खचलेलं. एका कंपनीने सहा झाडं एसी लॉबीत मांडली आणि दोन महिन्यांत पैसे परत मागितले. निम्मे दिले, कारण विकताना आम्हीही नीट विचारलं नव्हतं.

त्यानंतर दोन गोष्टी केल्या. प्रत्येक कुंडीला पत्र्याची चिठ्ठी बांधली: 'पानं गळाली की मी झोपलो. पाणी नको.' आणि ज्यांना धीर धरवत नाही त्यांच्यासाठी 'वसतिगृह' काढलं. नोव्हेंबरात झाड आणून द्यायचं, महिन्याचं भाडं भरायचं, जूनमध्ये पानांसकट घेऊन जायचं. २०१९ साली पाच झाडं राहायला आली होती, गेल्या हिवाळ्यात बासष्ट. काम काय, तर त्यांना काही न करणं. नानांना हा धंदा अजून पटलेला नाही. "लोकांच्या कुंड्यांना पाणी न घालण्याचे पैसे घेतेस?" असं ते येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर विचारतात.

पण मार्च-एप्रिलमध्ये रोज सकाळी चहा झाला की तेच काठी टेकत रांगेतून फिरतात आणि प्रत्येक खोड अंगठ्याने दाबून बघतात. परवा सातव्या ओळीत थांबले. "ही गोरेगावच्या बाईंची ना? जरा मऊ लागते गं." मी कुंडी उचलली. तळाच्या भोकात विटेचा तुकडा अडकून बसला होता.