आउटबॉक्समधले पाचवे पत्र

सोमवारी दुपारी कार्यालयाच्या टपालाची उत्तरे लिहीत बसलो असताना नेट गेले, आणि ते गेल्याचे चार उत्तरे लिहून होईपर्यंत माझ्या लक्षातही आले नाही. प्रत्येक वेळी मी पाठवण्याचे बटण दाबले, चौकट मिटली आणि एक काम हातावेगळे झाल्याचे समाधान मिळाले. पाचवे उत्तर लिहायला घेताना सहज डावीकडे पाहिले, तर आउटबॉक्सच्या, म्हणजे निघायची वाट पाहणाऱ्या पत्रांच्या कप्प्याच्या, नावापुढे ४ हा आकडा उभा होता. एरवी या कप्प्यात पत्र डोळ्याचे पाते लवेपर्यंतही टिकत नाही, त्यामुळे तो असल्याचाच मला विसर पडला होता.

टपाल स्वतःच्या यंत्रावर उतरवून घ्यावे आणि सवडीने वाचावे, ही कल्पना निदान १९८४ इतकी जुनी आहे. पॉप नावाचा प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांनी टपाल उतरवून घेण्याची ठरलेली रीत, त्या वर्षी मांडला गेला तो त्यासाठीच. अट एवढीच, की उतरवून घेण्याचे काम नेट असतानाच झालेले असावे लागते. जीमेलमध्ये ७, ३० की ९० दिवसांचे टपाल हवे, ते आधी निवडून ठेवायचे असते. आमच्या कार्यालयाचा प्रोग्राम वेगळा आहे, त्यात आम्हाला एक वर्ष दिले आहे, आणि नेट गेले की मला हटकून तेराव्या महिन्यातले पत्र लागते. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो बहुधा हाच.

ती चार थांबलेली पत्रे पाहून मला वडिलांची आठवण झाली. वडील रात्री पत्र लिहीत, उजव्या कोपऱ्यात तारीख घालत, सही करत आणि पाकीट मात्र उघडेच ठेवत. सकाळी ते पुन्हा वाचत आणि बहुतेक वेळा खाली ‘ता. क.’ म्हणून दोन ओळी पडत. कित्येकदा खरा मजकूर त्या दोन ओळींतच असे: वर प्रकृती, हवा, सर्वांची ख्यालीखुशाली, आणि खाली ‘पैशांचे जमणार नाही.’ एका पत्रात तर मी ता. क. पाठोपाठ दुसरा ता. क. पाहिला आहे. पत्र पेटीत टाकण्याचे काम माझे असे. टाकल्यावर मी फटीतून हात घालून चाचपत असे, आणि ते हाताला लागले नाही की हायसे वाटे, जराशी हुरहुरही लागे.

वडिलांची तारखेची रीत ईमेलनेही पाळली आहे. २००८ सालच्या आर.एफ.सी. ५३२२ या नियमपत्रात स्पष्ट म्हटले आहे, की पत्रावरची तारीख-वेळ लिहिणाऱ्याने ते पुरे करून रवानगीसाठी ठेवले तेव्हाची असावी, प्रत्यक्ष निघाले तेव्हाची नव्हे. आणि उदाहरण दिले आहे ते नेट नसलेल्या, सोबत नेता येणाऱ्या संगणकाचेच. इतक्या रुक्ष दस्तऐवजात कोणीतरी माझ्या या दुपारचा विचार करून ठेवला होता, याचे मला अप्रूप वाटले.

पाचवे उत्तर रागाचे होते. एका सहकाऱ्याने चौदा जणांना प्रत पाठवून मला जाब विचारला होता, आणि मीही त्या चौदाही जणांना प्रत ठेवून बटण दाबले. आकडा ५ झाला. नेट येत नव्हते म्हणून ते उघडून पुन्हा वाचले. ‘आपल्या माहितीसाठी’ हे शब्द मी दातओठ खाऊन लिहिले होते, हे कोणालाही कळले असते. काही न बदलता मिटून टाकले. आमच्या प्रोग्रामला एक खोड आहे: रांगेतली पत्रे तिरप्या अक्षरांत दिसतात, आणि उघडून नुसते मिटलेले पत्र सरळ अक्षरांत येते व पुन्हा बटण दाबल्याशिवाय हलत नाही. ही खोड मला चांगली ठाऊक आहे.

तासाभराने नेट आले. चार तिरपी पत्रे एकामागून एक निघून गेली; त्यांतल्या एकात मी जे विचारले होते, त्याचे उत्तर मध्यंतरी येऊनही पडले होते. पाचवे जागचे हलले नाही. आज शुक्रवार आहे. आकडा १ वर आहे, आणि त्या पत्राच्या विषयात मी ‘तातडीचे’ असे लिहिले आहे.